वायरमनचा तिहेरी डोस

माझा नवरा वायरमन आहे, आणि आजवर तो एकदाच काम अर्धवट टाकून खांबावरून खाली उतरलाय. ते माझ्यामुळे.

(एकटीमुळे नाही. पण बाकीच्यांवर ढकलण्याआधी आपला वाटा कबूल केलेला बरा.)

मी विंझरची आशा वर्कर. म्हणजे गावात कुणाला दिवस गेले, की तिच्या नवऱ्याच्या आधी ते मला कळतं. तिचं नाव नोंदवायचं, गोळ्या द्यायच्या, तपासणीला न्यायचं, आणि बाळ झालं की घरी जाऊन झोळीच्या काट्याला टांगून त्याचं वजन करायचं. सहा वर्षं मी हे करतेय. लग्नाला आठ झाली. स्वतःच्या बाळाचं वजन करायची वेळ काही आली नाही. त्यात सरकारनं आमच्या पदाचं नावच 'आशा' ठेवलेलं! "काय आशाताई, हाय का न्हाई काय आशा?" हा विनोद गावातल्या प्रत्येक माणसाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं. पहिल्या वेळी मी हसले होते.

सल्ल्यांचं तर विचारूच नका. पपई खाऊ नको. पपईच खा. सायकल चालवू नको. (मी सायकल चालवत नाही. तरी नको.) एका बाईनं सांगितलं, फार चालतेस म्हणून होत नाही. दुसरीनं सांगितलं, चालत राहा, पोट हलतं राहिलं पाहिजे. मी दोघींना हो म्हटलं. आठ वर्षांनी माणूस भांडत नाही, मान हलवतो.

आधी सगळ्या पुड्या मलाच होत्या. पांढरी पुडी दुधातून, तपकिरी मधातून, एक हिरवी अशी होती की ती घेतल्यावर दोन दिवस मला माझ्या नावाचाही कंटाळा यायचा. मी घेतल्या. दिवसभर वाड्या-वस्त्यांवर बायकांना "नाव-गाव नसलेली पुडी पोटात घालू नका गं" म्हणून सांगायचं आणि घरी येऊन चुलीपाशी उभ्या उभ्या तीच पुडी तोंडात टाकायची. लाज वाटायची. पण लाजेनं काही दिवस जात नाहीत.

मग माझी मावसबहीण मनीषा, भोरला असते ती, तिचा फोन आला. तिनं हर्बल सप्लिमेंटची एजन्सी घेतली होती. "ताई, दोष दर वेळी बाईचाच नसतो," ती म्हणाली. इतकं शहाणपणाचं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यामुळे पुढचं वाक्यही शहाणपणाचं असेल असं मला वाटलं, ही माझी चूक. पुढचं वाक्य होतं, "दाजींसाठी एक डबा पाठवते. चॉकलेट फ्लेवर हाय."

तसं मी आधी सरळ मार्गानं जाऊन पाहिलं होतं. एका रविवारी जेवताना मी यांना म्हटलं, "अहो, आपण दोघं पुण्याला जाऊन एकदा तपासून येऊ."

"दोघं?" आनंदरावांनी भाकरी खाली ठेवली. (यांचं नाव आनंद. रावसुद्धा लावते ते मी चिडले असेन तेव्हाच.) "मला काय धाड भरलीय? खांबावर चढतो मी!"

जणू खांबावर चढणं हा वैद्यकीय दाखला आहे. माकडंही चढतात, असं मी म्हणणार होते. पण सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

"आन् ते पुड्याबिड्या बी मी घेनार न्हाई," हे म्हणाले. "आधीच सांगून ठिवतो."

झालं. दार बंद. म्हणून मी खिडकीतून गेले. डबा आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून यांच्या सकाळच्या चहात एक चमचा पावडर घालायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी कपात डोकावून बघितलं. "च्या असा गढूळ का गं?"

"दूध बदललंय."

"म्हशीचं न्हाई का?"

"म्हशीचंच. पण दुसऱ्या म्हशीचं."

बिचाऱ्यांनी पिऊन टाकला. मला वाटलं, काय साधा माणूस माझ्या पदरात पडलाय. त्या साधेपणाचं खरं कारण मला तीन आठवड्यांनी कळलं.

त्याच सुमारास सासूबाईंच्या स्वभावात फरक पडला. आमच्या आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) भोंगवलीच्या. तोंडानं फटकळ, पण हातानं मऊ. भाकऱ्या करायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं, "मनगाट दुकतंय" म्हणून. अचानक एका संध्याकाळी चुलीपुढे बसल्या.

"सर तू. आनंदाची भाकर मीच थापते."

"आणि मनगट?"

"मनगाट लेकापरीस मोठं हाय का?"

यांची भाकरी वेगळी, वेगळ्या पिठाची. मला वाटलं, लेकाची माया. (मीही सूनच, मला थोडं वाईटही वाटलं, की आमच्या भाकऱ्या काय वाईट होत्या?) हे पहिला घास खाऊन थबकायचे. तोंड वाकडं व्हायचं.

"कडू लागती गं आई."

"यंदाची बाजरीच कडू हाय," आत्याबाई ठणकावून सांगायच्या.

तीच बाजरी मी खात होते. गोड होती. पण सासूच्या शब्दावर कशाला बोला? माझ्याकडेही चहाचं गुपित होतंच. ज्याचं घर काचेचं, त्यानं दुसऱ्याच्या बाजरीवर बोलू नये.

दोन आठवडे गेले. तिसरा लागला. माझी तारीख आली, आणि पाळीही आली. मी न्हाणीघरात बसून जरा वेळ नळ सोडून ठेवला. पाण्याच्या आवाजात रडलेलं ऐकू येत नाही, हे मी नवऱ्यांना सांगत नाही, बायकांनाच सांगते. मग तोंड धुतलं, फडकं टांगलं, आणि मनीषाला मेसेज केला, "काही फरक नाही."

तिचा लगेच उलट मेसेज, "डोस डबल कर ताई. बॉडीला सवय झाली असेल." खाली हात जोडलेली तीन चित्रं.

मी डबल केला. आता पुढं जे कळलं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला एकटीलाच शिव्या द्याल. त्याच आठवड्यात आत्याबाईंनीही आपला हात सैल सोडला होता. आणि तिसऱ्या एका माणसानंही.

भात कापणीचे दिवस होते. सकाळी हे गढूळ चहा पिऊन, कडू भाकरी खाऊन पासली गावाला गेले. तिथं आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती. गिरणी बंद, मळणी यंत्र बंद, आणि अख्खी पासली खांबाखाली गोळा झालेली. पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण ते दवाखान्यात सगळ्या बायकांपुढे पिकअपवाल्या गणपतदादांनी अभिनयासकट सांगितलं, आणि त्यानंतर वेल्ह्यापासून भोरपर्यंत इतक्या जणांनी मला सांगितलंय, की आता बघितल्यासारखंच झालंय.

हे वर चढले. पट्टा लावला. पक्कड काढली. खालून कुणीतरी म्हणालं, "आता इल बघा लाईट." आणि हे वरच थांबले. हालेनात.

"काय झालं ओ वायरमन?"

चेहरा (गणपतदादांच्या शब्दांत) "सुकलेल्या दोडक्यावानी". मग पक्कड सुटून खाली पडली, आणि हे वरून ओरडले, "सरका! सरका समदी!"

वायरमन 'सरका' म्हणतोय म्हणजे तार तुटली, असं समजून पासली पांगली. दोन म्हातारे बांधामागं आडवे झाले. एकीनं पोरं ओढून घरात घातली. आणि हे खांबावरून उतरले ते आजपर्यंत कुणी उतरलं नसेल अशा वेगानं उतरले, आणि उतरून थांबले नाहीत. पळतच सुटले.

आता तुम्ही सांगा. करंट ज्याला कळतो तो माणूस जीव घेऊन पळतोय. मागं उभ्या असलेल्यांनी काय करायचं? तेही पळाले! पुढं माझा नवरा, मागं अख्खी पासली. हे मागं बघून हातवारे करत होते, "माज्या मागं येऊ नका!" लोकांना ऐकू यायचं, "मागं येऊ नका" म्हणजे मागं काहीतरी भयंकर आहे, आणि ते आणखी जोरात पळायचे.

आणि भात आदल्याच दिवशी कापलेलं! दोन दिवस आधी असतं तर कमरेएवढं उभं पीक होतं, माणसाची अब्रू राहिली असती. सगळीकडे नुसती खुंटं. शेवटी ओढ्याकाठी एक करवंदीची जाळी होती, तिच्यामागं हे गेले तेव्हा कुठं पासलीला उलगडा झाला. लोक थांबले. पाठ करून उभे राहिले. एक आजी म्हणाल्या, "बसू द्या रं लेकराला निवांत."

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी जाळीतून बाहेर आले ते भिंत नसलेल्या ठिकाणी भिंत धरायला गेले. गणपतदादांनी उचलून पिकअपमध्ये घातलं.

आणि मी त्या वेळी कुठं होते? सरकारी दवाखान्याच्या पडवीत. वीस-पंचवीस बायका समोर बसवून मी सांगत होते, "पुडीवर नाव न्हाई, गाव न्हाई, आत काय हाय त्याचा पत्ता न्हाई. अशी वस्तू आपन जनावराला तरी घालू का?"

"न्हाई!" बायका म्हणाल्या.

तेवढ्यात पिकअप आत आली आणि हौद्यात माझा नवरा!

डॉक्टर मॅडम धावत आल्या. मॅडम वयानं माझ्याहून लहान, पण बोलायला कडक. सलाईन लागलं. हे अर्धवट झोपेत. "काय खाल्लं होतं सकाळी?"

"घरचंच," मी म्हटलं. "चहा-भाकरी."

"फवारणीच्या औषधाशी काही संबंध? पेंग येतेय त्यांना. नुसत्या जुलाबानं असं होत नाही. विषबाधा वाटली तर मला पुण्याला पाठवावं लागेल, वैशाली. नीट आठवून सांग."

पुण्याला! हा माणूस चिडका आहे, हट्टी आहे, पण माझा आहे. मी मॅडमना पडद्याआड ओढलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. चहा, चमचा, चॉकलेट फ्लेवर, डबल.

पडदा कापडाचा असतो हे मी विसरले. बाहेर पडवीतून एक आवाज आला, "म्हंजी आशाताईनंच घातली का पुडी?" आणि दुसरा, "पुडी न्हाई गं, डबा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दोन चमच्यांनी इतकं व्हायला नको पण. आणखी काही?"

"नाही हो मॅडम. शपथ."

तेवढ्यात आत्याबाई आल्या. कुणीतरी फोन केला होता. विंझरहून मिळेल त्या टेम्पोनं आल्या. पायात दोन वेगळ्या चपला. दारातूनच हंबरडा, "म्याच मारलं गं माज्या लेकाला! म्याच!"

"अहो आत्या, काय बोलताय?"

"पिठात घालत हुते! भोंगवलीच्या वैदूनं दिल्याली मुळी, वाटून! मूठभर सांगितली, म्या दीड मूठ घातली!" मग माझ्याकडे वळून, "तुला न्हाई सांगितलं. तू आशा हाईस, तू बोलली असतीस!"

मी काय बोलणार होते! मी खाली फरशीकडे बघितलं.

मॅडम नुसत्या एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. आणि तेव्हाच खाटेवरून एक हात वर आला, सलाईनची नळी लावलेला, शाळेत पोरगं बोट वर करतं तसा.

"मॅडम," हे क्षीण आवाजात म्हणाले, "माज्या हत्याराच्या पिशवीत... टेस्टरच्या खाली... एक बाटली हाय."

गणपतदादांनी पिशवी उपडी केली. कॅप्सुलांची बाटली! भोरच्या बाजारात घेतलेली. रोज दोन म्हटलं होतं, त्या आठवड्यात चार चालल्या होत्या.

"तुम्ही तर म्हणाला होतात, पुड्या घेणार नाही!" मी ओरडलेच.

"ह्या पुड्या न्हाईत. गोळ्या हायत," हे म्हणाले.

आणि तेव्हा मला उलगडलं, तो गढूळ चहा आणि ती कडू भाकरी हा माणूस मुकाट्यानं का गिळत होता. याचं तोंड आधीच कॅप्सुलांनी कडू झालेलं! त्याला वाटत होतं, ही आपल्या चोरीचीच चव आहे. बोललो तर पकडले जाऊ.

मॅडमनी बाटली वाचली. डब्यावरचा कागद मी मोबाईलमध्ये दाखवला. वैदूची मुळी आत्याबाईंच्या कनवटीला होती, ती काढून हुंगली. मग मॅडम खुर्चीत बसल्या. "तिन्हीत मुख्य वस्तू एकच आहे. अश्वगंधा. तीन आठवडे, तिप्पट, आणि आता जवळजवळ सहापट. पोट बिघडेल नाहीतर काय? पेंगही त्यानंच. माणूस खांबावर होता, कल्पना आहे का तुम्हाला?"

"पन मॅडम, नैसर्गिक हाय म्हनं ती," आत्याबाई पुटपुटल्या.

"धोत्राही नैसर्गिकच असतो, आजी."

आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजी आमी तिगंबी एकाच वाटंनं चाललो हुतो, आन् एकमेकाला दिसलो न्हाई!"

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही. दोन्ही अर्धं अर्धं आलं.

संध्याकाळपर्यंत यांना बरं वाटलं. आत्याबाई बाहेर बायकांना तेच तेच पहिल्यापासून सांगत होत्या. मी खाटेच्या कडेला बसले होते.

"कशाला घेतल्या?" मी विचारलं. "एवढं भांडून, मला नाही म्हणून, मग कशाला?"

हे छताकडे बघत राहिले. "तू त्या शिंद्याच्या बाळाचं वजन करून आलीस बघ. काटा धुतलास. मग ती झोळी रिकामीच हुकाला अडकवलीस आन् बघत बसलीस, काट्यावर किती दावतंय ते."

मला वाटलं होतं, त्या वेळी घरात कुणी नव्हतं.

"शून्य दावत हुतं," हे म्हणाले. "म्या पन बघितलं."

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. तेवढंच सुचलं.

मॅडम जाता जाता थांबल्या. "औषधं सगळ्यांनी घेतली. तपासणी कुणी केली?"

कुणीच नाही. आठ वर्षांत तीन पुडीवाले, दोन वैदू आणि एक मावसबहीण यांचा सल्ला झाला होता. साधी रक्ततपासणी आम्हा दोघांपैकी एकाचीही नव्हती. "सगळं बंद," मॅडम म्हणाल्या. "पुडी, डबा, बाटली, मुळी. आणि पोट ठीक झालं की दोघांनीही तपासायला जायचं. दोघांनी!"

या वेळी खांबाचा विषय निघाला नाही.

काही आठवड्यांनी आम्ही पुण्याला गेलो. हे एसटीत खिडकीशी बसून सगळ्या वाटेवर खांब मोजत होते. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा आमच्या मॅडमसमोर बसलो. त्यांनी यांचा कागद वाचला. "तुमचं सगळं उत्तम आहे."

हे खुर्चीत दोन इंच वाढले.

मग माझा कागद. "थायरॉईड आहे, वैशाली. बराच. थकवा वाटत नाही का तुला? पाळी मागं-पुढं?"

वाटतो ना. पण डोंगर चढून वस्त्यांवर जायचं, थकवा कुणाला नसतो? मी तो नोकरीचाच भाग समजत होते.

"वर्षाला किती बायका आणतेस तू माझ्याकडे रक्त तपासायला?"

मी बोटं मोजायला लागले.

"आणि तुझं स्वतःचं?"

थोडक्यात, तीन माणसं, तीन आठवडे, ज्याला काही झालेलं नव्हतं त्याला औषध पाजत होती, आणि जिला झालं होतं ती त्या तिघांतली म्होरकी होती. हे त्या दिवसापासून घरात जरा ताठ चालतात. आत्याबाई मात्र माझ्याकडे बघून पहिल्यांदाच म्हणाल्या, "आठ वर्सं तू आजारी हुतीस आन् आमी तुलाच पळवत हुतो गं." आणि माझ्यासाठीही वेगळी भाकरी थापली. मी ती आधी उजेडात धरून बघितली, हे खरं आहे.

आता औषध म्हणजे एक गोळी. टिकलीएवढी. पहाटे रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. बाकी काही नाही. अजून काही झालेलं नाही. मॅडम म्हणतात, आधी थायरॉईडचा आकडा जागेवर येऊ दे, मग बघू. आकडा येतोय, सावकाश. आम्हीही सावकाश झालोय. भांडतोही कमी.

पण मागच्या तपासणीत तो आकडा यायला हवा तेवढा आला नव्हता. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "गोळी रोज घेतेस ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंनी बघितलं.

काय सांगू! सहा वर्षांची आशा वर्कर मी, गावभर हिंडून बायकांना गोळ्या गिळायला लावणारी. आणि पहिले पंधरा दिवस मी एक दिवसाआड गोळी उशीखाली सरकवत होते, कारण शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, की रोज घेतलेलं इंग्रजी औषध गरम पडतं!